विहिरीनं उचललेला पाय

आमच्या घरी गोष्ट ऐकायची तर हाताला काम आणि तोंडाला हुंकार लागायचा. नुसतं पाय पसरून ऐकणाऱ्याला माय उठवून लावायची. धाड गावच्या बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी मळ्यातली भाजी अंगणात येऊन पडायची. मेथी, पालक, कोथिंबीर, ज्याच्या त्याच्या हंगामाप्रमाणे. आम्ही सगळे त्या ढिगाभोवती बसून जुड्या बांधायचो. चुलीवर कळण्याच्या भाकरी थापून झालेल्या असायच्या, ठेच्याचा खाट अजून नाकात असायचा, विहिरीवरची मोटर लांबून घरघरत असायची आणि मधेच लाइन गेली की एकदम गप्प व्हायची. त्या शांततेत माय गोष्ट सुरू करायची. दर वाक्यानंतर ती किंचित थांबायची. तेवढ्यात कुणीतरी "हूं" म्हटलं तर पुढचं वाक्य यायचं, नाही तर नाही. तिच्या मते हुंकार थांबला की गोष्टीतली माणसं जिथं असतील तिथं अडकून पडतात. एकदा मला मेथीच्या ढिगावरच डुलकी लागली. जाग आल्यावर मी विचारलं, मग राजाचं काय झालं? माय म्हणाली, "काय होईन? तुहा हुंकार बंद झाला. राजा एक पाय रिकिबीत टाकून तवापासून तसाच उभा हाये." मला त्या राजाची खरंच दया आली. त्या रात्री जेवण गेलं नाही, असं लिहायला बरं वाटलं असतं, पण जेवण व्यवस्थित गेलं.

बाबांचा हुंकार मात्र खोटा असायचा. त्यांचं डोकं उद्या कुठल्या जीपच्या टपावर भाजी चढवायची यात गुंतलेलं, आणि तोंड आपलं हूं हूं करत राहायचं. माय त्यांना मुद्दाम पकडायची. "मंग त्या राजानं आपल्या नलूच्या बाबाची समदी मेथी खाल्ली," असं ती मधेच घुसडून द्यायची आणि बाबा गंभीरपणे म्हणायचे, "हूं." आम्ही हसून लोळायचो. बाबांना कळायचंच नाही कशाला हसतो ते. मी तेव्हा बाबांना भोळं समजायचे. आपणही त्याच जातीचे आहोत हे कळायला मला एकोणिसावं वर्ष उजाडावं लागलं, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुणाला तरी द्यावी लागली. हे प्रकरण त्याबद्दल आहे.

बारावी जेमतेम पास होऊन मी घरी बसले होते. मधे बुलडाण्याला जाऊन तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. केला म्हणजे काय, एका मशीनमागे चौघी बसायचो, चौघींत जी टोकाला तिला फक्त पडद्याचा काठ दिसायचा, आणि टोकाला बहुतेक मी असायचे. तेवढ्यात आमच्या गावातल्या, पण पुण्याला नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांनी गावच्या वाचनालयाला एक कॉम्प्युटर पाठवला. वाचनालय म्हणजे एक खोली, एक कपाट, एक कॅरम आणि एक वर्तमानपत्र. ते वर्तमानपत्र तात्या सकाळपासून दुपारपर्यंत मोठ्यानं वाचायचे. तात्या एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झाल्यावर वाचनालयाचे अध्यक्ष झाले, पण आवाज एसटीतलाच राहिला. बरेच दिवस मशीन चादरीखाली झाकून ठेवलेलं होतं. मग एक दिवस तात्या आमच्या दारात आले आणि म्हणाले, "नलू, तू थे शिकून आली ना? मंग लहान्या पोट्ट्याईले शिकव. दिवाळीले पुण्याचे सायेब येतीन पाहाले. तवापर्यंत पोट्टे काही शिकले तं मशीन इथं राहीन. नाई तं डेअरीवाले मागूनच राह्यले." मी हो म्हटलं. बाबांसारखंच म्हटलं असणार, कारण काय शिकवायचं याचा मी काहीही विचार केलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी अकरा पोरं येऊन बसली, सात ते नऊ वर्षांची. त्यांनी मला "मॅडम" म्हटलं. या एका शब्दाचं मला काय झालं हे आज सांगताना लाज वाटते. गावात मी आजवर नली होते, फार तर भाजीवाल्यांची नली. आता तात्यासुद्धा चारचौघांत मला मॅडम म्हणायला लागले. मी ओढणीला पिना लावून जायला लागले, आणि दारात चपला काढताना त्या सरळ ठेवायला लागले. ते सगळं सोडायला लागू नये, एवढीच माझी त्या दिवसांतली मोठी इच्छा होती.

चित्रं काढायला शिकवायचं हे काही मी थोर विचारानं ठरवलं नव्हतं. पोरांना इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे टायपिंग बाद. उरला तो चित्र काढायचा प्रोग्राम. आणि मशीन एक, पोरं अकरा, म्हणजे एकजण चित्र काढत असताना उरलेल्या दहांना सतरंजीवर बसवून ठेवायला काहीतरी हवं. मला गोष्टींशिवाय दुसरं येत नव्हतं. म्हणून मी सतरंजीवर बसून मायच्या गोष्टी सांगायचे, दहा पोरं हुंकार द्यायची, आणि अकरावं पोरगं पडद्याकडे तोंड करून त्याच गोष्टीचं चित्र काढायचं आणि तिकडूनच हुंकार द्यायचं. पुढे मी शिक्षिका झाले, प्रशिक्षणं घेतली, तिथं याच गोष्टीला बरीच भारी नावं आहेत असं कळलं. आमच्याकडे ती निव्वळ अडचणीतून झाली होती.

माऊस हातात धरायचीच पहिल्यांदा गंमत झाली. गणा नावाचा एक धीट पोरगा होता. तो माऊस टेबलावर सोडून द्यायचा आणि त्याची वायर कासऱ्यासारखी ओढायचा, बैल वळवावा तसा. काही पोरं माऊस उचलून हवेत फिरवायची आणि बाण हलत नाही म्हणून रडकुंडीला यायची. पण रंग भरायची बादली त्यांना लगेच कळली. रेघेत कुठं बारीकशी फट राहिली की ओतलेला रंग बाहेर पडून सगळा पडदा भरून टाकायचा. शहरातली पोरं असती तर गोंधळली असती. आमची पोरं मळ्यातली. आरती नावाची मुलगी पहिल्याच दिवशी ओरडली, "बांध फुटला बे! कुठीतरी भोक हाये!" आणि सगळी पोरं पडद्याला नाक लावून, पाटाचं पाणी कुठून फुटलं ते शोधावं तशी रेघेवरून बोट फिरवत फट शोधायला लागली. ती सापडली की तिथं एक ठिपका द्यायचा, म्हणजे चिखलाचा गोळा दाबायचा. हे मी शिकवलं नाही. त्यांनीच मला शिकवलं.

दिवाळीच्या कार्यक्रमासाठी मी मायची चालत्या विहिरीची गोष्ट निवडली. ती मायनं कुणाकडून ऐकली नव्हती, स्वतःच जुळवली होती, असं मला आता वाटतं. एका गावाची विहीर होती. सगळे तिचं पाणी न्यायचे, पण कुणी तिला कधी विचारलं नाही, बाई, तू कशी आहेस. एक दिवस विहीर म्हणाली, मी चालले. तिनं एक पाय उचलला, मग दुसरा उचलला आणि निघाली. मागे एक पोरगी रिकामी घागर घेऊन चालत राहिली. दर गावात विहीर विचारायची, इथं राहू का? गावकरी म्हणायचे, राहा, पण पाणी एवढं दिलं पाहिजे, उन्हाळ्यात आटली नाही पाहिजे. विहीर पुढे चालायची. शेवटी त्या पोरीनं म्हटलं, राहू नको, नुसती घडीभर बस, पाय दुखले असतील. विहीर बसली, ती पुन्हा उठलीच नाही. "थेच आपल्या मळ्यातली," असं म्हणून माय संपवायची. चालत्या विहिरीला पाय कसे असतील, यावरून पोरांत मारामारीची वेळ आली. गणानं तिला बैलाचे चार पाय दिले, नाल ठोकलेले. आरतीनं पैंजण घातले. एकानं जीपची चाकं लावली, पाय दुखू नयेत म्हणून. आणि सगळ्यांत लहान, सात वर्षांची दीपा, तिनं विहिरीच्या एका पायात चप्पल रंगवली आणि दुसरा पाय उघडा ठेवला. मी विचारलं, दुसरी चप्पल कुठं आहे? तिनं पडद्याच्या कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथं मागे चिखलात ती एवढीशी चप्पल रुतून राहिली होती. दीपाला सगळ्यांत शेवटी बसवायचं ठरलं होतं, कारण ती लहान.

आता चित्र ठेवून द्यायचं कसं, ते सांगते, कारण सगळं त्यातच आहे. मी भिंतीवर खडूनं पाच इंग्रजी अक्षरं मोठी काढली होती, विहीर या शब्दाची. चित्र झालं की पोरांनी ती पाहून एकेक अक्षर दाबायचं. पहिल्या पोराचं चित्र निमूटपणे गेलं. दुसरी आरती. तिनं पाच अक्षरं दाबली आणि तिकडून ओरडली, "मॅडम, हे काही इचारून राह्यलं!" मी गोष्टीत रंगले होते. विहिरीचा पाय हवेत होता, दहा पोरं तोंडाकडे पाहत होती. मी बसल्या जागेवरून म्हटलं, "विचारलं की काय करायचं? हुंकार द्यायचा! डावीकडचं बटण हूं, उजवीकडचं नाई. नाईकडे जायचंच नाई." पोरं हसली. मला स्वतःचं वाक्य इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी ते मी सगळ्यांकडून पाठच करून घेतलं. मशीननं विचारलं की? "हुंकार द्यायचा!" मशीन काय विचारतं, हे उठून वाचावं असं मला त्या दहा-बारा दिवसांत एकदाही वाटलं नाही. तेवढं इंग्रजी मला येत होतं, म्हणून तर ते जास्त लागतं.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी पुण्याचे गृहस्थ आले. तात्यांनी वाचनालय झाडून सतरंज्या टाकल्या होत्या. पोरांच्या आया नव्या लुगड्यांत भिंतीला टेकून बसल्या होत्या, चिवड्याची परात मधे होती, आणि नशिबानं लाइन होती. मी ओढणीच्या पिना तपासल्या, खुर्चीत बसले आणि चित्रं उघडायला गेले. तिथं एकच चित्र होतं. मी बंद करून पुन्हा उघडलं. दुसरीकडे पाहिलं. एकच. ते उघडलं तर पडद्यावर एक विहीर, एका पायात चप्पल, दुसरा उघडा.

"माह्या बैलाचे पाय कुठी गेले?" गणा म्हणाला.

खोलीत कुजबुज झाली. तात्यांनी घसा साफ केला. "मॅडम, बाकीचे?"

मला तेव्हा पूर्ण कळलं नव्हतं, पण अर्धं कळलं होतं. आणि त्या अर्ध्यामध्येच मी बोलले. मी म्हटलं, "शेवटी दीपा बसली होती."

यात खोटं काहीच नव्हतं. दीपा शेवटीच बसली होती. मी एवढ्या वर्षांत पुष्कळ खोटं बोलले असेन, त्यातलं फारसं आठवत नाही. हे खरं वाक्य मात्र जसंच्या तसं आठवतं, त्यातल्या आवाजासकट.

सगळ्यांची तोंडं दीपाकडे वळली. ती उभी राहिली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी पुढे काही सांगेन म्हणून थोडी वाट पाहिली, आणि मग म्हणाली, "मशीननं इचारलं. म्या हूं म्हनलं." मोठी माणसं हसली. पुण्याचे गृहस्थ म्हणाले, असू दे, लहान आहे. गणा ओरडला, "हिनं आमचे समद्याईचे चित्र खाल्ले!" तिची आई, शांताकाकू, उठली आणि तिला दंडाला धरून बाहेर घेऊन गेली. बाहेरून चापटीचा आवाज आला. मग परात फिरली आणि सगळ्यांनी चिवडा खाल्ला. मीही खाल्ला.

त्या दिवशी सगळे गेल्यावर मी एकटी मशीनसमोर बसले. एक वेडीवाकडी रेघ काढली, ती पाच अक्षरं दाबली आणि मशीननं विचारलं ते पहिल्यांदा वाचलं. या नावाचं चित्र आधीच आहे, ते पुसून हे ठेवू का? साधं एका ओळीचं इंग्रजी. म्हणजे आरतीनं पहिल्या पोराचं पुसलं, तिसऱ्यानं आरतीचं, असं होत होत दीपापर्यंत आलं. दीपानं पुसलं ते फक्त एकाचं, आणि तेही माझ्या सांगण्यावरून. तेवढ्यात तात्या कुलूप लावायला आले. म्हणाले, "तुमची काय चूक मॅडम, पोरगी लहान. सायेबानं होळीपर्यंत मुदत देली. पन पुन्हा असं झालं तं डेअरीवाल्याईले मी काय सांगू?" मी म्हटलं, "हूं."

सुट्टीनंतर दहा पोरं आली. दीपा आली नाही. रस्त्यात दिसली की पोरं तिला "चित्रखाऊ" म्हणायची. मी मनाशी म्हणायचे, पोरं विसरतात. आठवडाभरानं पिठाच्या गिरणीत शांताकाकू भेटली. डबा खाली ठेवून ती हसत हसतच सांगायला लागली, "नलू, आमची दीपी आजकाल हूं करतच नाई वं. हाक मारली तं समोर येऊन उभी राह्यते, पन तोंडातून हूं काढत नाई. जेवतं का म्हनलं तं गुपचूप ताटावर येऊन बसते. कोनाचंच हूं नाई. काऊन असं करत असन?" गिरणी चालू होती, त्या आवाजात मला उत्तर द्यावं लागलं नाही. मला खूप वाईट वाटलं. याहून वेगळ्या शब्दांत ते सांगता येत नाही.

त्या दुपारी अंगणात मेथीच्या जुड्या चालल्या होत्या. माय गोष्ट सांगता सांगता थांबली. मी हुंकार दिलाच नव्हता. "आजकाल तू बी मुकी झाली," ती म्हणाली. मग मी तिला सगळं सांगितलं, पाच अक्षरं, डावीकडचं बटण, सगळं. मायनं कधी कॉम्प्युटर पाहिला नव्हता. तिनं हातातली जुडी बांधून बाजूला ठेवली.

"पोरीले हूं म्हनाले कोनं शिकवलं?"

"म्या."

"मंग मार कोनं खाल्ला?"

मी म्हटलं, सांगितलं तर ते मशीन डेअरीत जाईल, मला पुन्हा कुणी बोलावणार नाही. माय म्हणाली, "जाऊ दे. इथं राहून तरी कोनतं दूध देऊन राह्यलं?" आणि तिनं दुसरी जुडी घेतली. तिनं मला एवढंच सांगितलं. तू जा, माफी माग, असलं काही ती बोलली नाही. तिच्या हातातली जुडी संपेपर्यंत मी उठले होते.

शांताकाकूच्या अंगणात लाल मिरच्यांचा ढीग होता आणि मायलेकी देठ खुडत होत्या. मी शेजारी बसून देठ खुडायला लागले. काय बोलावं सुचेना, म्हणून गोष्ट सुरू केली. एका गावाची विहीर होती. विहीर म्हणाली, मी चालले. तिनं एक पाय उचलला. आणि मी थांबले. दीपा देठ खुडत राहिली. "अवं दे ना हुंकार," काकू म्हणाली, "मॅडम थांबल्या तुह्यासाठी." दीपा बोलेना. मी म्हटलं, "हुंकार नाही दिला तर विहीर तशीच उभी राहील, पाय उचलून."

"राहू दे," दीपा म्हणाली. मग मिरचीकडेच पाहत हळूच म्हणाली, "तुम्हीच म्हनलं व्हतं, हूं म्हना."

"हो. मीच म्हटलं होतं."

"मंग तवा काऊन नाई सांगतलं?"

काकूचा हात मिरच्यांत थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पोरीकडे पाहिलं. मला तिखटामुळे शिंका आल्या असत्या तर बरं झालं असतं, पण तेही झालं नाही. मी उठले आणि म्हटलं, "काकू, उद्या हिला घेऊन वाचनालयात या. आत नका येऊ हवं तर, पण या."

दुसऱ्या दिवशी मी ओढणीला पिना लावल्या नाहीत. दहा पोरं सतरंजीवर होती, तात्या खिडकीशी वर्तमानपत्र घेऊन होते. शांताकाकू आली आणि उंबऱ्यावर बसली. दीपा तिच्या मागे, अर्धी दिसेल अशी. मी मशीन सुरूच केलं नाही. सतरंजीवर बसले आणि म्हटलं, "एक होती मॅडम."

"हूं!" पोरं आनंदानं म्हणाली. तात्यांनी पेपर थोडा खाली केला.

"मॅडमला वाटायचं, आपल्याला सगळं येतं."

"हूं!"

"मॅडमनं भिंतीवर पाच अक्षरं काढली. सगळ्यांना तेच नाव दाबायला लावलं."

"हूं."

"मशीननं विचारलं, हे चित्र पुसू का? मॅडमनं ते वाचलंच नाही. बसल्या जागेवरून म्हणाली, हूं म्हणा."

या वेळी तीन-चारच आवाज आले. आरतीनं भिंतीवरच्या खडूच्या अक्षरांकडे पाहिलं. मी पुढे गेले. "मग दुसरीनं पहिल्याचं पुसलं, तिसऱ्यानं दुसरीचं. प्रत्येकानं एकेक पुसलं, मॅडमनं सांगितलं म्हणून." एकट्या गणाचा हुंकार आला, आणि तोही मधेच तुटला. त्याला आपलाही हिशेब लागला असावा. "दिवाळीला सगळे जमले. चित्रं सापडली नाहीत. तात्यांनी विचारलं, बाकीची कुठं आहेत?"

कुणीच हुंकार दिला नाही. पोरं माझ्या तोंडाकडे पाहत होती. तात्यांनी पेपरची घडी घातली, तिचा आवाज खोलीभर झाला. लांब कुणाची तरी मोटर चालू होती. मला पुढचं वाक्य येत होतं, पण हुंकाराशिवाय पुढे जायची सवयच नव्हती मला, आणि खरं सांगायचं तर तिथंच थांबायला मिळालं असतं तर मी थांबले असते.

"हूं," उंबऱ्यावरून आवाज आला.

त्यात माया वगैरे काही नव्हती. लवकर संपवा एकदाचं, असा तो हुंकार होता. पण तो आला आणि मी पुढचं वाक्य बोलले. "मॅडमला कळलं होतं की आपण चुकलो. तरी ती म्हणाली, शेवटी दीपा बसली होती."

"हूं."

"दीपानं मार खाल्ला. मॅडमनं चिवडा खाल्ला."

"हूं."

संपेपर्यंत ती एकटीच हुंकार देत राहिली. शांताकाकूनं तोंडाला पदर लावला होता. गोष्ट संपल्यावर गणा एकदम म्हणाला, "म्हनजे चित्रखाऊ तुम्हीच व्हता मॅडम!" आणि पोरं खिदळली. मीही हसले, आणि हसता हसता मला रडू आलं, ते मी ओढणीनं पुसलं. तात्या उठले, मशीनवरची चादर काढून तिची नीट घडी घातली आणि त्यांच्या त्या एसटीतल्या आवाजात म्हणाले, "म्हनजे मशीनमधे काई बिघाड नाई. डेअरीवाले आले तं सांगतो, मॅडम अजून शिकून राह्यल्या." त्या दिवसानंतरही ते मला मॅडमच म्हणत राहिले. तो शब्द मात्र मला पुन्हा कधी पहिल्यासारखा गोड लागला नाही.

आता माझ्या हातातल्या फोनवर दिवसातून दहा वेळा काहीतरी विचारलं जातं. मान्य आहे का, परवानगी देता का. माझी भाची न वाचता हूं हूं करत बोट दाबत जाते. मी चष्मा शोधते, लावते, सगळं वाचते. घरातले चिडतात.

वाचनालयात त्या दिवशी गोष्टीनंतर मशीन सुरू केलं आणि पहिली पाळी दीपाची लावली. तिचं चित्र जागच्या जागी होतं, पण तिला नवं काढायचं होतं. तिनं पुन्हा विहीर काढली, या वेळी दोन्ही पायांत चपला. बादलीनं निळा रंग ओतला, बांध कुठं फुटला नाही ते पाहिलं. मग भिंतीवर बघत पाच अक्षरं दाबली. मशीननं विचारलं. सतरंजीवरून दहाही पोरं खट्याळपणे ओरडली, "हूं म्हन, हूं म्हन!" दीपानं माऊस सोडला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. वळून माझ्याकडे पाहिलं.

"आधी वाचून सांगा," ती म्हणाली.

मी सतरंजीवरून उठले, तिच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले आणि पडद्यावरच्या एकेका शब्दावर बोट ठेवत तिला मराठीत सांगितलं. या नावाचं चित्र आधीच आहे. ते पुसून हे ठेवू का? तिनं ते पुन्हा एकदा माझ्याकडून वाचून घेतलं. मग माऊस हातात धरला, बाण हळूहळू उजवीकडे नेला, आणि नाई दाबलं.